प्रभूचे पहिले अनुयायी

‘बारा शिष्य’ हे दोन शब्द ख्रिस्ती घरांतील मुलाच्या कानांवर इतक्या लहानपणापासून पडत असतात कीं, त्या बारांपैकीं प्रत्येक जण कोणी एक निराळा मनुष्य होता, त्याला स्वतःचें गांव, स्वतःचा धंदा आणि स्वतःचा स्वभाव होता, ही गोष्ट त्याच्या ध्यानांतच येत नाहीं. भिंतीवर टांगलेल्या चित्रांत ते बाराही जण एकाच वळणाचे दिसतात. सर्वांना लांब दाढ्या, सर्वांच्या अंगावर पायघोळ झगे आणि सर्वांच्या मस्तकाभोंवतीं तेजोवलय. जो विद्यार्थी ख्रिस्ती नाहीं त्याला तर हीं बारा नांवें म्हणजे एखाद्या परक्या पुराणांतील नामावळी वाटावी, यांत नवल तें काय? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यांतील कांहीं साध्या माणसांनीं आपला चालता धंदा सोडून एका सुताराच्या मागें जाण्याचें ठरविलें. तीं माणसें कोण होतीं, हें शक्य तितकें स्पष्ट करून सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्यापाशीं आधार कोणता आहे तें पाहूं. या बारांचा उल्लेख ज्या लेखांत सर्वांत आधीं येतो तें शुभवर्तमान नव्हे, तर पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेलें पहिलें पत्र होय. हें पत्र इ. स. ५४ च्या सुमारास, म्हणजे प्रभूच्या मरणानंतर सुमारें पंचवीस वर्षांच्या आंत लिहिलें गेलें. त्यांत पौल ‘बारा जण’ हा शब्द, वाचकांस तो आधींच ठाऊक आहे अशा रीतीनें, कांहीं खुलासा न करितां वापरतो. यावरून ही मंडळी मागाहून कल्पिलेली नसून प्रभूच्या हयातींतलीच होती, असें बहुतेक विद्वान मानतात. चारही शुभवर्तमानें या पत्रानंतरचीं आहेत. बारांच्या नांवांच्या याद्या चार ठिकाणीं आढळतात. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत. या चार याद्या शेजारीं शेजारीं मांडून पाहिल्या असतां एक मौज दिसते. नांवांचा क्रम थोडाफार बदलतो, परंतु पहिलें नांव नेहमीं पेत्राचें, पांचवें नेहमीं फिलिप्पाचें आणि नववें नेहमीं अल्फीचा मुलगा याकोब याचें असतें. म्हणजे चार-चारांचे तीन गट पाडून हीं नांवें तोंडपाठ केलीं जात असावीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं पाढे पाठ करण्याच्या युक्तीशीं हें ताडून पाहावें.

याद्यांत एके ठिकाणीं मात्र फरक आहे. मत्तय व मार्क ज्या जागीं तद्दय हें नांव देतात, त्या जागीं लूक ‘याकोबाचा यहूदा’ असें लिहितो. हीं एकाच मनुष्याचीं दोन नांवें होत, असें परंपरा मानते. प्रभूला धरून देणाऱ्याचें नांव यहूदा असल्यामुळें, दुसऱ्या यहूदाला त्या नांवानें हांक मारणें पुढें कोणास गोड वाटलें नसेल, असें माझें मत आहे. त्याला सिद्ध आधार नाहीं.

नांवांचा गोंधळ होण्याचें कारण अगदीं साधें होतें. त्या काळच्या यहूदी लोकांत फारच थोडीं नांवें पुनःपुन्हां ठेविलीं जात. पुरुषांत शिमोन हें नांव सर्वांत अधिक प्रचारांत होतें आणि स्त्रियांत मरिया. बारांतच पाहा, शिमोन दोन, याकोब दोन, यहूदा दोन. आपल्याकडे एका आळींत चार गणपत असले म्हणजे एक लोहारांचा गणपत, एक उंच गणपत असें म्हणावें लागतें, तोच प्रकार येथें झाला. एका शिमोनाला प्रभूनें ‘केफा’ असें नांव दिलें. केफा हा अरामी शब्द असून त्याचा अर्थ खडक. त्याचेंच ग्रीक रूप पेत्र. थोमा याचा अर्थ अरामी भाषेंत जुळा असा होतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानांत त्याच्या नांवाचा ग्रीक अर्थही दिला आहे. म्हणजे ज्याला आपण थोमा म्हणतों तें त्याचें ओळखीचें टोपणनांव होय. बर्थलमय म्हणजे तलमयाचा मुलगा. याच्या उलट अंद्रिया व फिलिप्प हीं दोन्ही नांवें शुद्ध ग्रीक आहेत. हे दोघेही बेथसैदा गांवचे. त्या गांवीं यहूदी व ग्रीक या दोन्ही रीतिभातींचे लोक एकत्र राहत असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे, सणासाठीं यरुशलेमेस आलेले कांहीं ग्रीक लोक येशूची भेट मागावयास फिलिप्पाकडेच कां गेले आणि फिलिप्पानें तें अंद्रियालाच कां सांगितलें, याचा उलगडा होतो.

आतां या मंडळींच्या धंद्याकडे वळूं. बारांपैकीं निदान चौघे, म्हणजे पेत्र, त्याचा भाऊ अंद्रिया आणि जब्दीचे मुलगे याकोब व योहान, हे गालील समुद्रावरचे कोळी होते. याला समुद्र म्हणण्याची चाल असली तरी तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. सुमारें १३ मैल लांब, ८ मैल रुंद आणि भूमध्य समुद्राच्या पातळीहून जवळजवळ ७०० फूट खालीं. भोंवतालच्या डोंगरांतून वारा एकाएकीं खालीं उतरतो आणि शांत पाणी घटकेंत खवळून उठतें. शुभवर्तमानांतील वादळाच्या गोष्टी या जागेच्या भूगोलाशीं तंतोतंत जुळतात.

आमच्या कोंकण किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांस या कोळ्यांची ओळख इतरांपेक्षां लवकर पटेल. मार्क लिहितो कीं, प्रभूनें प्रथम पाहिलें तेव्हां शिमोन व अंद्रिया पाण्यांत जाळें टाकीत होते. मूळ ग्रीक शब्दावरून हें जाळें म्हणजे आपल्याकडील पागच होय. गोल, कांठाला वजनें लाविलेलें आणि एका मनुष्यानें फेंकावयाचें. प्रभूनें एका दाखल्यांत ज्या जाळ्याचा उल्लेख केला तें मात्र निराळें. तें मोठें असून किनाऱ्याकडे ओढून आणावयाचें, म्हणजे आपली रापण. याकोब व योहान हे त्याच वेळीं होडींत बसून जाळीं नीट करीत होते. तागाच्या सुतांचीं तीं जाळीं रात्रभर वापरल्यावर सकाळीं धुवून, वाळवून, तुटलेले फांसे सांधून ठेवावीं लागत, नाहींतर कुजत. लूक एके ठिकाणीं, कोळी होड्यांतून उतरून जाळीं धूत होते, असें सहज लिहून जातो. ज्यानें हा धंदा जवळून पाहिला त्याच्याच तोंडून असें वाक्य निघावयाचें.

व्याख्यानांतून या चौघांचें वर्णन पुष्कळदां ‘दरिद्री कोळी’ असें केलें जातें. दारिद्र्य दाखविल्यानें त्यागाची किंमत वाढते असें बोलणाऱ्यास वाटत असावें. वस्तुतः ती कमी होते. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं त्यानें काय सोडावयाचें? मार्काच्या सांगण्याप्रमाणें जब्दीच्या होडींत मोलकरी गडी होते. लूक सांगतो कीं, जब्दीचे मुलगे शिमोनाचे भागीदार होते. म्हणजे होड्या, जाळीं, नोकर आणि भागीदारी असलेला हा बेताचा परंतु चालता धंदा होता. सरोवराच्या कांठीं मग्दला नांवाचें गांव होतें. तेथें मासे खारवून दूरदूरच्या बाजारांत पाठविले जात, आणि मग्दला हेंच असें समजलें जाणाऱ्या गांवाचें ग्रीक नांवही मासे खारविण्याच्या या धंद्यावरूनच पडलें. हे लोक श्रीमंत नव्हते, पण भुकेलेही नव्हते.

या बाबतींत भूमीनेंही साक्ष दिली आहे. १९८६ सालीं अवर्षणामुळें सरोवराचें पाणी बरेंच ओसरलें असतां पश्चिम किनाऱ्यावर गिनोसरजवळ चिखलांत रुतलेली एक जुनी होडी सांपडली. ती सुमारें २७ फूट लांब व साडेसात फूट रुंद असून, लांकडाच्या व आंत सांपडलेल्या भांड्यांच्या परीक्षेवरून ती ख्रिस्ताच्या काळाच्या आसपासची ठरली. सध्यां ती गिनोसर येथील संग्रहालयांत आहे. ही होडी पेत्राची असें कोणी समजूं नये. परंतु पेत्राची होडी अशीच असावी. तिची अनेकवार डागडुजी झालेली दिसते, आणि डागडुजीसाठीं हातीं लागेल त्या जातीच्या लांकडाचे तुकडे वापरलेले आहेत. जुन्या वस्तूला ठिगळ लावून तिच्यावर पोट भरणाऱ्या माणसाची काटकसर त्या फळ्यांवर अजून वाचतां येते. तसेंच कफर्णहूम येथें १९६८ पासून फ्रान्सिस्कन संशोधकांनीं केलेल्या खोदकामांत, पांचव्या शतकांतील एका अष्टकोनी देवळाखालीं पहिल्या शतकांतलें काळ्या दगडाचें एक साधें घर निघालें. त्यांतील एका खोलीच्या भिंतींना मागाहून गिलावा केलेला असून त्यावर यात्रेकरूंनीं प्रार्थनेचे शब्द कोरलेले आढळले. फार जुन्या काळापासून हें घर पेत्राचें म्हणून मानलें जात होतें, एवढें त्यावरून निश्चित होतें. पेत्राला घर होतें, सासू होती, आणि पौलाच्या पत्रावरून पाहतां पुढें प्रवासांत त्याची पत्नी त्याच्याबरोबर असे. या बाईचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. पतीनें जाळें टाकून दिलें त्या दिवशीं तिनें चुलीपाशीं बसून काय विचार केला असेल, हें लिहिण्यास कोणास सुचलें नाहीं, याचें मला नेहमीं वाईट वाटतें.

हे लोक प्रभूच्या मागें गेले कसे? मार्काची गोष्ट वाचतांना असें वाटतें कीं, एक अनोळखी मनुष्य किनाऱ्यावरून चालत आला, त्यानें हांक मारली आणि यांनीं जाळीं टाकलीं. योहानाच्या शुभवर्तमानांत यापूर्वींची हकीकत आहे. तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षीं, म्हणजे इ. स. २८-२९ च्या सुमारास, यार्देन नदीच्या कांठीं बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाचा उपदेश करूं लागला. अंद्रिया प्रथम त्याचा शिष्य होता. योहानानें येशूकडे बोट दाखविलें, तेव्हां अंद्रिया व दुसरा एक जण त्याच्या मागें गेले, त्याच्या बिऱ्हाडीं तो दिवस राहिले, आणि मग अंद्रियानें आपल्या भावाला शोधून आणलें. म्हणून ग्रीक मंडळी अंद्रियाला ‘प्रथम बोलाविलेला’ या पदवीनें गौरवितात. त्यानंतर फिलिप्प, व फिलिप्पाच्या सांगण्यावरून नथनेल. नासरेथासारख्या खेड्यांतून कांहीं चांगलें निघेल हें नथनेलास प्रथम खरें वाटेना. त्याचें स्वतःचें काना गांव नासरेथापासून कांहीं फार दूर नव्हतें. शेजारच्या गांवाविषयीं मनुष्याचें मत बहुधा असेंच असतें! असो. हे दोन्ही वृत्तांत एकापुढें एक ठेविले म्हणजे सरोवराच्या कांठची ती हांक अगदींच आकस्मिक राहत नाहीं. ओळख आधीं झाली होती; निर्णय मागून झाला.

त्या काळीं विद्यार्थी गुरूला शोधीत जात. आपल्याकडेही समित्पाणि होऊन शिष्यानें गुरूच्या आश्रमीं जावें अशी जुनी रीत होती. यहूदी शास्त्र्यांच्या बाबतींतही चांगला गुरु पाहून त्याचें शिष्यत्व पत्करणें हें शिकणाऱ्याचें काम समजलें जाई. येशूनें हा क्रम उलट केला. त्यानें स्वतः जाऊन माणसें निवडलीं, आणि तीं शास्त्र्यांच्या शाळेंतून न निवडतां होडीतून व जकातीच्या नाक्यावरून निवडलीं. या अनुयायांना दोन नांवें आहेत हेंही येथें सांगितलें पाहिजे. शिष्य म्हणजे शिकणारा. असे शिष्य पुष्कळ होते. प्रेषित म्हणजे पाठविलेला, धन्याच्या वतीनें बोलण्याचा अधिकार दिलेला मनुष्य. शिष्यांतून बारा जणांस निवडून प्रभूनें प्रेषित हें नांव दिलें. संख्या बाराच कां, तर इस्राएलाचे वंश बारा होते म्हणून. एक नवें इस्राएल उभारलें जात आहे, ही गोष्ट त्या संख्येनेंच पाहणाऱ्या यहूदी माणसाला कळली असेल.

जकातीच्या नाक्यावरचा मनुष्य म्हणजे लेवी. पहिल्या शुभवर्तमानांत त्याला मत्तय म्हटलें आहे. गालीलावर तेव्हां प्रत्यक्ष रोमन सुभेदाराचा अंमल नव्हता. इ. स. पूर्वीं ४ पासून इ. स. ३९ पर्यंत तेथें हेरोद अंतिपा हा मांडलिक राज्य करीत होता. कफर्णहूम त्याच्या हद्दीच्या टोकाला होतें. पलीकडे त्याचा भाऊ फिलिप्प याचा मुलूख. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर तेथें जकात घेतली जाई. वसुली मक्त्यानें देण्याची चाल असल्यामुळें ठरलेल्या रकमेवर जें अधिक काढतां येईल तें वसूल करणाऱ्याचें. अशा माणसाचा लोकांना किती तिटकारा असेल हें सांगावयास नको. पेत्राच्या व जब्दीच्या मालावरही याच नाक्यावर जकात बसत असणें अगदीं संभवनीय आहे. म्हणजे कालपर्यंत ज्याला ते मनांत शिव्या देत होते तो आज त्यांचा गुरुबंधु झाला.

यादींत दुसऱ्या टोकाचाही एक मनुष्य आहे, तो म्हणजे दुसरा शिमोन. मत्तय व मार्क त्याला ‘कनानी’ म्हणतात. यावरून तो कनान देशचा किंवा काना गांवचा होता असा कित्येकांचा समज होतो. परंतु हा शब्द अरामी असून त्याचा अर्थ आवेशी असा आहे, आणि लूकानें त्याचें ग्रीक भाषांतरही तसेंच केलें आहे. इ. स. ६ मध्यें रोमन खानेसुमारीच्या विरुद्ध यहूदा गालीलकर यानें बंड केलें होतें, आणि इ. स. ६६ पासूनच्या मोठ्या युद्धांत ‘आवेशी’ नांवाचा एक कडवा पक्ष उघडपणें पुढें आला. शिमोनाच्या वेळीं तो पक्ष त्या स्वरूपांत बांधला गेला होता कीं नाहीं, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे. तरी धर्मासाठीं व देशासाठीं जळणारा तरुण, अशी त्याची ख्याति असली पाहिजे. राजाच्या पदरीं जकात वसूल करणारा लेवी आणि हा आवेशी शिमोन, हे दोघे एकाच गटांत चालले, एकाच भाकरीचे तुकडे त्यांनीं घेतले. लेवीनें आपल्या घरीं मोठी मेजवानी केली, तेव्हां परुशी लोकांनीं आक्षेप घेतला तो उपदेशावर नव्हे, पंगतीवर. कोणाबरोबर बसून जेवावें, यावर त्यांच्या शुचितेची सारी इमारत उभी होती. पंगतीचा अर्थ काय, हें आपल्या देशांतील वाचकास कोणीं समजावून सांगावयास नको.

बारांच्या यादीमुळें एक मोठी गोष्ट झांकली जाते, ती ही कीं, या मेळ्यांत स्त्रियाही होत्या. लूक स्पष्ट लिहितो कीं, मग्दालिया मरिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची स्त्री योहान्ना, सुसान्ना व दुसऱ्या पुष्कळ जणी त्यांच्याबरोबर गांवोगांव फिरत आणि आपल्या पैशानें त्यांचा खर्च चालवीत. म्हणजे बारा पुरुष धंदा सोडून हिंडूं शकले याला एक कारण स्त्रियांची थैली हें होतें! त्यांतही हेरोदाच्या दरबारांतील अधिकाऱ्याची पत्नी घराबाहेर पडून कोळ्यांच्या मेळ्यांत फिरते, हें त्या काळीं किती धैर्याचें होतें याचा विचार करावा. मग्दालिया मरियेवर मात्र इतिहासानें मोठा अन्याय केला. ती पूर्वीं पतिता होती, असें असंख्य चित्रांत व व्याख्यानांत दाखविलें गेलें. शुभवर्तमानांत असें एक अक्षरही नाहीं. सात भुतें तिच्यांतून काढण्यांत आलीं, म्हणजे एका दारुण व्याधीतून ती बरी झाली, एवढेंच तेथें आहे. लूकाच्या मागच्याच अध्यायांत एका अनामिक पापी स्त्रीची गोष्ट आहे. ती स्त्री व मरिया एकच, असें पोप पहिला ग्रेगरी यानें ५९१ सालच्या एका प्रवचनांत प्रतिपादन केलें, आणि पश्चिमेकडील मंडळींत तोच समज रूढ झाला. रोमन कॅथॉलिक मंडळीनें १९६९ च्या आपल्या सुधारलेल्या पंचांगांत ही सांगड सोडली. एका निर्दोष स्त्रीच्या नांवावरचा डाग पुसण्यास जवळजवळ चौदाशें वर्षें लागलीं!

प्रभूच्या हयातींत या अनुयायांना त्याचें म्हणणें कितपत कळलें? शुभवर्तमानें या प्रश्नाचें उत्तर आश्चर्यकारक मोकळेपणानें देतात. याकोब व योहान राज्यांत उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात. बाकीचे दहा रागावतात, कारण जागा त्यांनाही हव्या होत्या. पेत्र प्रभूलाच चुकीचा ठरवूं पाहतो आणि कठोर बोल ऐकून घेतो. अटकेच्या रात्रीं सर्व पळून जातात. पेत्र शेकोटीपाशीं उभा राहून तीनदां ओळख नाकारतो. बोलण्यावरून तो गालीलकर आहे हें लोक ताडतात, कारण गालीलाची बोली यरुशलेमेंत लपत नसे. वधस्तंभाजवळ व कबरेपाशीं राहिल्या त्या बहुतांशीं स्त्रियाच. हीं पुस्तकें ज्या मंडळीनें जपलीं तिचे हेच आद्य पुढारी. राजांचे भाट राजांविषयीं असें लिहीत नसतात.

येथें एका प्रश्नाचा परामर्श घेतला पाहिजे, कारण वर्गांत तो दरवर्षीं निघतो. पेत्र व योहान निरक्षर होते ना, मग शिक्षणाची एवढी मातबरी कशाला, असें परीक्षेच्या दिवसांत कांहीं विद्यार्थी मोठ्या भक्तिभावानें विचारतात. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमेच्या न्यायसभेनें त्या दोघांना अशिक्षित ठरविलें हें खरें. परंतु बोलणारे कोण होते हें पाहावें. धर्मशास्त्राच्या रीतसर अध्ययनांत आयुष्य घालविलेल्या शास्त्र्यांच्या दृष्टीनें, ज्यानें तें अध्ययन केलें नाहीं तो अशिक्षित. लेवीला जकातीचे हिशोब ठेवावे लागत, तेव्हां त्याला लिहितां-वाचतां येत असलेंच पाहिजे. इतरांच्या कानांवर सभास्थानांत दर शब्बाथीं शास्त्राचें वाचन पडत असे. आणि न्यायसभेला आश्चर्य वाटलें तें त्यांच्या अज्ञानाचें नव्हे; अशा माणसांना इतकें निर्भयपणें बोलतां कसें येतें, याचें.

इ. स. ३० किंवा ३३ सालीं प्रभूचा वध झाल्यानंतर हा मेळा मोडला नाहीं. यरुशलेमेस सुमारें एकशें वीस लोक एकत्र जमत होते असें लूक लिहितो. यहूदाची जागा भरण्यासाठीं त्यांनीं दोघांचीं नांवें काढून चिठ्ठ्या टाकल्या, आणि मत्थिया निवडला गेला. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो बरोबर होता असाच मनुष्य पाहिजे, ही त्यांची अट होती. म्हणजे अगदीं आरंभापासून चालत आलेले, परंतु यादींत नसलेले असे अनुयायी निदान दोन तरी होते. पुढें इ. स. ४४ च्या सुमारास राजा हेरोद अग्रिप्पा यानें जब्दीचा मुलगा याकोब याला तरवारीनें मारिलें, तेव्हां मात्र त्याच्या जागीं कोणाला निवडल्याची नोंद नाहीं. विश्वासघातानें रिकामी झालेली जागा भरावी लागली. मरणानें रिकामी झालेली जागा त्याचीच राहिली.

हे लोक अद्याप यहूदीच होते. मंदिरांत जात, नियम पाळीत. त्यांच्या पंथाला ते ‘मार्ग’ म्हणत. ख्रिस्ती हें नांव प्रथम सीरियांतील अंत्युखियांत पडलें, आणि तेंही बहुधा बाहेरच्यांनीं ठेविलें. आपलें धन एकत्र करून गरजेप्रमाणें वांटून घेण्याची त्यांची रीत प्रसिद्धच आहे. परंतु ती निर्वेध चालली असें नव्हे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वांटणींत वगळलें जातें अशी तक्रार झाली. प्रेषितांनीं सात जण नेमिले, आणि त्या सातांचींही नांवें ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती त्या बाजूच्याच लोकांच्या हातीं वांटणी दिली, असें यावरून दिसतें. हा निर्णय मला त्या साऱ्या ग्रंथांतील अत्यंत शहाणपणाच्या निर्णयांपैकीं एक वाटतो.

पंगतीचा प्रश्न मात्र इतक्यानें सुटला नाहीं. अंत्युखियांत पेत्र प्रथम परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे; यरुशलेमेहून याकोबाकडील कांहीं माणसें येतांच तो मागें सरला व निराळा बसूं लागला. हा याकोब म्हणजे प्रभूचा भाऊ. हयातींत त्यानें विश्वास ठेविला नव्हता. मागाहून तो यरुशलेमेच्या मंडळीचा प्रमुख झाला, आणि इ. स. ६२ मध्यें त्याला दगडमार करून मारिल्याचें यहूदी इतिहासकार योसेफस यानें नमूद केलें आहे. पेत्राचें तें मागें सरणें पाहून पौलानें सर्वांसमक्ष त्याला दोष दिला, आणि ही हकीकत त्यानें गलतीकरांस पत्रांत स्वतः लिहून ठेविली. एका प्रेषितानें दुसऱ्याला भर मंडळींत खडसावलें, आणि तें जेवणाच्या जागेवरून! १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना दक्षिण हिंदुस्थानांतील ख्रिस्ती मंडळ्यांतून जातिभेद काढून टाकण्याचा हुकूम द्यावा लागला, तेव्हां तेथील मंडळ्यांत जुन्या जातींप्रमाणें निराळें बसण्याची चाल पक्की झाली होती, आणि हुकुमानंतर कित्येक जण मंडळी सोडून गेले. अंत्युखियाचें तें जेवण अठराशें वर्षांनीं कावेरीच्या कांठीं पुन्हां वाढलें गेलें होतें.

बारांचा शेवट काय झाला, याविषयीं खात्रीची माहिती थोडी व आख्यायिका पुष्कळ आहेत. पेत्र नीरो बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. ६४ ते ६८ च्या दरम्यान, रोम येथें हुतात्मा झाला, हें बहुतेक इतिहासकारांस मान्य आहे. आपल्याला विशेष जिव्हाळ्याचा आहे तो थोमा. केरळांतील प्राचीन ख्रिस्ती समाज, थोमा इ. स. ५२ मध्यें आपल्या किनाऱ्यावर उतरला असें परंपरेनें सांगत आला आहे. तिसऱ्या शतकांत सिरियाक भाषेंत रचलेल्या ‘थोमाचीं कृत्यें’ या ग्रंथांत निराळी कथा आहे. तींत गोंडोफर्नीस नांवाच्या हिंदी राजानें थोमाला वाडा बांधण्यासाठीं पैसा दिला. थोमानें तो सारा गोरगरिबांस वांटून टाकला आणि राजानें विचारल्यावर, वाडा स्वर्गांत बांधून तयार आहे, असें सांगितलें. ही कथा अद्भुतच आहे, आणि राजाचें नांवही कल्पित असावें असें पुष्कळ दिवस मानलें जात होतें. परंतु एकोणिसाव्या शतकांत काबूल व पंजाब या भागांत त्याच नांवाचीं नाणीं सांपडलीं, आणि तो पहिल्या शतकांतील खरा राजा ठरला. कथा त्यामुळें खरी ठरत नाहीं. पण ज्यानें ती रचिली त्याला हिंदुस्थानची बरीच जुनी आठवण होती, असें म्हणावें लागतें.

बर्थलमयाविषयीं चौथ्या शतकांतील इतिहासकार युसेबियस असें लिहितो कीं, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आलेक्सांद्रियाचा पंडित पांतेनस हिंदुस्थानांत गेला, तेव्हां बर्थलमयानें मागें ठेविलेलें, हिब्रू लिपींतील मत्तयाचें शुभवर्तमान तेथील लोकांजवळ त्याला आढळलें. ग्रीक लेखक हिंदुस्थान हें नांव अरबस्थान व हबसाण यांनाही लावीत असत, म्हणून कित्येक विद्वान हा उल्लेख आपल्या देशाचा मानीत नाहींत; दुसरे कांहीं जण कोंकण किनाऱ्याकडे, विशेषतः कल्याणकडे, बोट दाखवितात. कल्याणविषयीं यापुढचा पुरावा अधिक भक्कम आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस या आलेक्सांद्रियाच्या व्यापाऱ्यानें आपल्या ग्रंथांत ‘कल्लियाना’ या बंदराचा उल्लेख केला असून, तें बंदर म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील आपलें कल्याणच, असें बहुतेक संशोधक समजतात. तेथें त्या वेळीं ख्रिस्ती लोकांची वस्ती होती, आणि इराणांतून नेमून पाठविलेला एक बिशप त्यांच्यामध्यें राहत होता.